सरहद्दीवरचे वार्धक्य आणि तातडीचा दवाखाना

पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींतील वृद्ध माणसे रात्री-अपरात्री एकाएकी आजारी पडली असता घरच्यांनी काय पाहावे, दवाखान्याने काय करावे, आणि एका इस्पितळातून दुसऱ्या इस्पितळात त्यांची रवानगी होताना कोणता मजकूर त्यांच्यासोबत गेलाच पाहिजे, एवढाच या छोट्या पुस्तकाचा विषय आहे. त्याची मर्यादा लेखकांनी जाणूनबुजून आखून घेतली आहे, आणि ती मला मनापासून पसंत आहे. आरोग्यावरची बहुतेक मराठी पुस्तके मोठे इस्पितळ अर्ध्या तासावर आहे असे गृहीत धरून लिहिलेली असतात. आपल्या या मुलखात मात्र रस्ता हादेखील उपचाराचाच एक भाग असतो, आणि त्या रस्त्यावर एक राज्य संपून दुसरे सुरू होते.

या सरहद्दीचा आणि आजाऱ्याचा संबंध समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९४७ साली नागपुरास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्या वेळी नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडाची राजधानी होती, आणि छिंदवाडा जिल्ह्यातील सौंसर तहसील, जिच्यात त्या काळी पांढुर्णाही मोडत असे, त्याच प्रांताचा भाग होती. म्हणजे आज या भागातील आबालवृद्ध ज्याला नुसते ‘मेडिकल’ म्हणतात ते इस्पितळ उभे राहिले तेव्हा ते आपल्याच प्रांताचे, आपल्याच राजधानीतले इस्पितळ होते. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि सौंसरचा मुलूख छिंदवाड्याबरोबर भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्यप्रदेशात राहिला. बोली मराठी, सोयरीक सावनेर-काटोल-वरूडकडची, संत्र्याचा आणि कापसाचा व्यवहार नागपूरच्या तोंडाकडे पाहणारा, आणि सरकारी दप्तर मात्र हिंदीत, अशी स्थिती तेव्हापासून चालत आली आहे. सौंसरहून छिंदवाडा पन्नास-पंचावन्न किलोमीटर, पण मध्ये सिल्लेवानीचा घाट. नागपूर त्याहून दूर, सत्तर-बहात्तर किलोमीटर, पण रस्ता उताराचा आणि सपाटीचा. पांढुर्ण्याहून तर दोन्ही शहरे जवळजवळ सारख्याच अंतरावर, शंभराच्या आसपास किलोमीटर आहेत. छिंदवाड्यास २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हाही झाला. तथापि जिल्हा झाल्याचे फर्मान एका दिवसात निघते, जिल्ह्याच्या योग्यतेचे इस्पितळ उभे राहावयास वर्षे लागतात, आणि आजारी म्हाताऱ्या माणसाजवळ तेवढा अवधी नसतो.

आता मूळ विषयाकडे वळतो. तरुण माणसाचे तातडीचे दुखणे बहुधा आपले नाव सांगत येते. छातीत कळ आली म्हणजे हृदय, ताप आणि खोकला म्हणजे फुप्फुस, पोट दगडासारखे कडक झाले म्हणजे आतडे, हे सामान्य माणसासही समजते. वृद्धाचे तसे नसते. सत्तरी ओलांडलेल्या, विशेषतः मधुमेह असलेल्या माणसाला हृदयविकाराचा झटका आला तर छातीत दुखेलच असे नाही. नुसता दम लागतो, घाम फुटतो, चक्कर येते, किंवा तो काहीच न सांगता बाजेवर पडून राहतो. न्यूमोनिया झाला तरी कित्येकदा अंग तापत नाही. आतडे फुटले तरी कधी कधी पोट मऊच लागते. रक्तात जंतुदोष पसरला तरी तक्रार एवढीच की, ‘जेवण सोडलं’. त्यातच काही औषधे नाडीची गती वाढू देत नाहीत, त्यामुळे अंगातून रक्त जात असतानाही नाडी संथ आणि शांत लागते. रक्तदाबाचे उदाहरण तर मोठे उद्बोधक आहे. ज्याचा वरचा दाब रोज एकशेसाठ असतो अशा आजोबांचा दाब, ते पडल्यानंतर, एकशेदहा भरला, तर कागदावर तो अगदी निर्दोष दिसतो, आणि प्रत्यक्षात ती धोक्याची घंटा असते. अमेरिकेत २०११ साली अपघातातील जखमींच्या वर्गवारीचे जे नियम सुधारले गेले, त्यांत पासष्टीपुढच्या माणसाचा दाब एकशेदहाच्या खाली असल्यास ते आघाताने खचल्याचे लक्षण असू शकते, अशी सूचना मुद्दाम घालण्यात आली. तरुणाच्या शरीराला लागू पडणारे आकडे वृद्धाच्या शरीराला लागू पडत नाहीत. त्याला लागू पडतो तो त्याचाच कालचा आकडा. काल हा माणूस कसा होता, आपल्या पायांनी न्हाणीपर्यंत जात होता की नाही, नातवाला नावाने हाक मारत होता की नाही, किती भाकरी खात होता, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला आज काय बिघडले ते कितीही यंत्रे जवळ असली तरी नीट सांगता येणार नाही. या पुस्तकाचे सगळे प्रतिपादन या एका गोष्टीभोवती फिरते, आणि माझ्या मते ते तसेच फिरावयास हवे.

मग हा ‘काल’ कोणाला माहीत असतो? रात्री दहाच्या सुमारास तालुक्याच्या दवाखान्यात एखादी जीप येते, तीतून चौघे उतरतात, बाजेसकट माय उतरवली जाते, आणि डॉक्टर विचारतात की गोळ्या कोणत्या चालू आहेत. मुलगा नागपुरास नोकरीला, दिवाळीला आणि पोळ्याला येणारा. तो गोळ्यांची पन्नी पुढे करतो. तीत रक्तदाबाच्या दोन निरनिराळ्या डॉक्टरांनी लिहिलेल्या दोन पट्ट्या, साखरेची एक, गुडघेदुखीची एक, झोपेची अर्धी वापरलेली एक, आणि कोणा शेजाऱ्याने दिलेली बिननावाची सुटी गोळी. यांपैकी माय कोणती घेते, कोणती चुकवते, आज उपाशीपोटी साखरेची गोळी घेतली का, हे त्या चौघांपैकी एकालाही सांगता येत नाही. ते सांगू शकणारी व्यक्ती घरी गोठ्याजवळ थांबलेली असते, आणि ती म्हणजे सून. सासूला रोज पाणी देणारी, तिची लघवी दोन दिवसांपासून कमी झाली हे जाणणारी, ती रात्री दोनदा उठून अंगणात गेली आणि एकदा उंबऱ्याला अडखळली हे पाहिलेली ती एकटी असते. आणि दवाखान्यात बायकांचे काय काम, किंवा घरी कोणीतरी हवे, म्हणून तिलाच मागे ठेवण्यात येते. लेखकांनी या पुस्तकात ‘जी करते तिला बरोबर न्या, नेता येत नसेल तर तिला फोन लावून डॉक्टरांच्या हातात द्या’ असे स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. सबंध पुस्तकात यापेक्षा मोलाची सूचना मला आढळली नाही. साखर उतरवणाऱ्या काही जुन्या गोळ्यांचा अंमल मूत्रपिंडे थकलेल्या शरीरात दिवसभर किंवा त्याहून अधिक टिकतो. ग्लुकोज देताच शुद्धीवर आलेली म्हातारी ‘आता बरी आहे’ म्हणून घरी नेली आणि पहाटे पुन्हा बेशुद्ध पडली, अशी प्रकरणे घडतात, आणि ती टाळण्यासाठी लागते ती गोळी कोणती व कधी घेतली एवढीच माहिती.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो बुद्धिभ्रमाच्या बाबतीत. ‘माय कालपासून वेड्यावाणी करून रायली’ असे सांगत लोक येतात, आणि पुष्कळदा पुढे जोडतात, ‘उमरच झाली आता.’ वयाने येणारा विसरभोळेपणा महिन्या-वर्षांनी वाढतो. एका रात्रीत येत नाही. जो एका रात्रीत किंवा दोन दिवसांत येतो, सकाळी कमी आणि दिवेलागणीनंतर जास्त होतो, ज्यात माणसाचे लक्ष एका ठिकाणी ठरत नाही, तो भ्रम म्हणजे मेंदूच्या द्वारे शरीराने दिलेली आरोळी होय. आणि तिच्यामागे जंतुदोष, साखर उतरणे, अंगातले पाणी आटणे, लघवी अडणे, शौच न होणे, डोक्याचा मार, नवे सुरू केलेले औषध, यांपैकी काहीतरी बहुधा सापडते. या भ्रमाचा एक प्रकार ओरडणारा आणि हातवारे करणारा, म्हणून लक्षात तरी येतो. दुसरा मुका असतो. त्यात आजोबा नुसते पडून राहतात, विचारले तर हूं म्हणतात, आणि घरचे समाधानाने सांगतात की आज त्यांना छान झोप लागली आहे. हा दुसरा प्रकार अधिक धोक्याचा, कारण त्याला कोणी आजार मानतच नाही. शॅरन इनूय या अमेरिकन वैद्यक-पंडितेने १९९० साली हा भ्रम काही मिनिटांत ओळखण्याची रीत घालून दिली, आणि तीतला पहिलाच प्रश्न असा आहे की, हा बदल एकाएकी झाला का. पुन्हा गाडी ‘काल’पाशीच येऊन थांबते.

इथे दोन गोष्टी या मुलखापुरत्या सांगितल्या पाहिजेत. सौंसरजवळ जामसावळीस मारुतीचे निद्रिस्त मूर्तीचे प्रसिद्ध देवस्थान आहे, आणि मनाने बिघडलेली किंवा बाधा झालेली समजली जाणारी माणसे तेथे नेण्याची चाल जुनी आहे. कोणाच्या श्रद्धेला धक्का लावण्याचा या पुस्तकाचा हेतू नाही, माझाही नाही; परंतु काल नीट बोलणारा वृद्ध माणूस आज बरळू लागला असेल तर आधी दवाखान्यात साखर, दाब, ताप आणि लघवी पाहून घ्यावी, आणि मग दर्शनास जावे, एवढी विनंती हात जोडून करावीशी वाटते, कारण त्या अवस्थेत गेलेले दोन दिवस परत मिळत नाहीत. दुसरी गोष्ट दवाखान्यांना उद्देशून आहे. भ्रम तपासताना हिंदीतून तारीख, महिना आणि जिल्हा विचारण्याची पद्धत आहे. जन्मभर तिथी आणि बाजारवार यांवर दिवस मोजणाऱ्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या म्हातारीला शुद्धीवर असतानाही तारीख सांगता येत नाही. तिला मराठीत विचारावे, की पोळा झाला की व्हायचा आहे, आज बाजार कुठला, शेतात आता काय उभे आहे. हरियाणातील बल्लभगढ येथे निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी हिंदीतील बुद्धिपरीक्षा मुद्दाम नव्याने बांधावी लागली, आणि मेरी गांगुली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९५ साली प्रसिद्ध केली, ती याच अडचणीतून. आपल्या बोलीसाठी तसे काम व्हावयाचे आहे.

पडण्याविषयी या पुस्तकात एक मोठे प्रकरण आहे, आणि ते तसे असणे रास्तच आहे. म्हातारे माणूस पडले की ‘पाय घसरला’ म्हणून आपण विषय संपवतो. पण ते का पडले हा निराळा आणि अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण चक्कर, मंद झालेले हृदय, साखर, पहाटे उभे राहताच उतरलेला दाब, यांपैकी एखादे कारण त्यामागे असेल तर हाड सांधूनही पुढच्या महिन्यात दुसरे मोडेल. एक पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूस वळलेला दिसला म्हणजे खुब्याचे हाड मोडले असे समजावे, आणि अशा वेळी मालीश करणाऱ्याला बोलावू नये. शक्य तो दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करून माणसाला उभे करणे हा आता सर्वत्र मान्य झालेला नियम आहे. कारण ‘या वयात ऑपरेशन कशाला’ या प्रेमळ विचाराने बाजेवर ठेवलेला म्हातारा हाडामुळे मरत नाही, पडून राहिल्याने होणाऱ्या छातीच्या विकाराने आणि पाठीच्या जखमांनी मरतो. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असलेल्या माणसाच्या डोक्याला लागले, तर खोक पडली नाही म्हणून निर्धास्त राहू नये. वृद्धाच्या कवटीत रक्त हळूहळू साचते, आणि कधी दोन-तीन आठवड्यांनी चाल बिघडते, बोलणे मंदावते, तेव्हा ते पडणे घरचे विसरूनही गेलेले असतात.

दवाखाना स्वतःही वृद्धाला अपाय करू शकतो, हे लेखकांनी निर्भीडपणे लिहिले आहे. रात्रभर डोळ्यांवर दिवा, चश्मा घरी, कवळी पन्नीत, प्यायला पाणी नाही, उंच आणि कडक खाटेवर तासन्‌तास एकाच कुशीवर, उठण्याची भीती म्हणून गरज नसता घातलेली लघवीची नळी, आणि ती ओढू नये म्हणून बांधलेले हात: यांपैकी एकेका गोष्टीने शहाण्या माणसाला भ्रम होतो, मग सगळ्या एकत्र आल्यावर काय होत असेल!

राहिला प्रश्न पूर्वतयारीचा आणि रवानगीचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या दरम्यान जाम नदीच्या पात्रात गोटमार, म्हणजे दोन्ही गावांची एकमेकांवरची दगडफेक, होते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या दिवशी प्रशासन नदीकाठी तात्पुरते उपचारकक्ष मांडते, डॉक्टरांची नेमणूक होते, ॲम्ब्युलन्स तयार उभ्या असतात, आणि गंभीर जखमीला कोठे हलवावे हे आधी ठरलेले असते. गोटमारीच्या गुणदोषांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. मला दाखवावयाचे ते एवढेच की, तातडीची पूर्वतयारी कशी करावी हे या गावाला आणि इथल्या अंमलदारांना उत्तम कळते. तीच दृष्टी वर्षाच्या उरलेल्या रात्रींना लावली पाहिजे. आज एखाद्या आजोबांना पांढुर्ण्याहून ‘रेफर’ केले जाते, तेव्हा १०८ ची गाडी आपल्या राज्याच्या व्यवस्थेप्रमाणे सहसा छिंदवाड्याच्या इस्पितळाकडे निघते, घरच्यांना ‘मेडिकल’ला किंवा ओळखीच्या खासगी दवाखान्यात जायचे असते, मग भाड्याची गाडी शोधण्यात तास जातो, आणि नागपुरास पोचल्यावर हातात असते ती चार ओळींची हिंदी चिठ्ठी. इथे दिलेले इंजेक्शन कोणते, किती वाजता दिले, ईसीजीत काय दिसले, हे तिथे कोणाला समजत नाही. सगळे पहिल्यापासून सुरू होते. पक्षाघातात रक्ताची गाठ विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावयाचे असते, आणि ते तास दवाखान्यात आल्यापासून नव्हे, माणूस ज्या क्षणी शेवटचा ठीक दिसला होता त्या क्षणापासून मोजावयाचे असतात. ती वेळ चिठ्ठीवर नसेल तर औषध असूनही देता येत नाही. म्हणून जागच्या जागी ईसीजी, साखर, प्राणवायू आणि सलाईन ही कामे आधी, नागपूरच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणे नंतर, आणि गाडी त्यानंतर, हा जो क्रम या पुस्तकात दिला आहे, त्यात मी एका अक्षराचाही फेरफार सुचवणार नाही.

वृद्धांच्या वैद्यकाला स्वतंत्र शास्त्र म्हणून फार जुना इतिहास नाही. लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स इस्पितळात १९३५ च्या सुमारास मार्जरी वॉरेन या डॉक्टरीणबाईंच्या हाती निराधारगृहाच्या (वर्कहाउसच्या) दवाखान्यातील शेकडो अंथरुणाला खिळलेले वृद्ध आले. त्यांनी एकेकाला नीट तपासले, आणि ज्यांना असाध्य म्हणून टाकून दिले होते त्यांतील पुष्कळांना चालते करून घरी पाठवले. आपल्याकडे मद्रासला १९७८ साली डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी या शास्त्राचा पाया घातला. तातडीच्या कक्षात वृद्धांसाठी काय असावे याची रीतसर नियमावली अमेरिकेत २०१४ साली निघाली, म्हणजे हा विषय सगळ्या जगालाच नवा आहे. कायदा मात्र आपल्या बाजूला आहे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील एका शेतमजुराच्या प्रकरणात, आगगाडीतून पडून डोक्याला मार लागलेल्या त्या माणसाला एकामागून एक सरकारी इस्पितळांनी जागा नाही म्हणून परत पाठवले असता, वेळेवर उपचार नाकारणे म्हणजे जगण्याचा हक्क नाकारणे होय, असा निर्णय दिला. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सरकारी इस्पितळांत वृद्धांसाठी खाटांची आणि वेगळ्या रांगेची तरतूद आहे. २०१० पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा इस्पितळात दहा खाटांचा वृद्धकक्ष सांगितला आहे, आणि नवा जिल्हा झाल्यामुळे पांढुर्ण्याला तो हक्काने मागता येतो. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेखाली वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचाराची मुभा आहे, आणि ती यादीतल्या इस्पितळात राज्याची हद्द ओलांडूनही चालते. मात्र कार्डासाठी आधार आणि ओळख पटवणे लागते. हे काम माणूस चालता-बोलता असतानाच उरकावे, बेशुद्ध माणसाचा अंगठा घेण्याची पाळी आणू नये.

एका नाजूक विषयाला लेखकांनी बगल दिली नाही, याबद्दल त्यांचे अभिनंदन केले पाहिजे. प्रत्येक वृद्धाला प्रत्येक वेळी नागपुरास नेलेच पाहिजे का? नव्वदीच्या, वर्षभर अंथरुणावर असलेल्या, अन्नावरची वासना उडालेल्या आजीला व्हेंटिलेटरवर ठेवण्यासाठी दोन तास गाडीत घालणे हे प्रेम आहे की लोक काय म्हणतील ही धास्ती आहे, याचा विचार त्या रात्री होऊ शकत नाही. तो आधी व्हावा, आणि तिच्यादेखत व्हावा. सन्मानाने मरण्याचा हक्क आणि त्यासाठी आधी लिहून ठेवलेली इच्छा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केली, आणि तिची रीत २०२३ साली सोपी केली. पण याचा अर्थ वय झाले म्हणून उपचार आखडता घ्यावा असा कोणी करील, तर तो या पुस्तकावर अन्याय होईल. ऐंशी वर्षांचा, काल बागेत जाऊन संत्र्याला पाणी देऊन आलेला माणूस आज बेशुद्ध पडला असेल, तर त्याच्यासाठी जे करता येईल ते सगळे केले पाहिजे. आणि न दुखता, स्वच्छ अंथरुणावर, आपल्या माणसांत राहणे हाही उपचारच असून तो देण्याची जबाबदारी तालुक्याच्या दवाखान्यावर आहे.

पुस्तकाच्या शेवटी एक कोरा तक्ता दिला आहे. नाव, वय, रोजचा दाब, चालू गोळ्या आणि त्यांच्या वेळा, कोणत्या औषधाचे वावडे आहे, चालणे कसे, ऐकणे-दिसणे कसे, काळजी कोण घेते आणि तिचा फोन नंबर, आणि शेवटी ‘माझी स्वतःची इच्छा’ असे त्यात रकाने आहेत. तो मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत छापला आहे, म्हणजे सौंसर, छिंदवाडा किंवा नागपूर, कोठेही तो वाचता येईल. वाचकांनी पुस्तक मग सावकाश वाचावे. तक्ता मात्र आज संध्याकाळी, घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून, त्यांना विचारून भरावा, आणि गोळ्यांच्या पन्नीतच ठेवावा.